सोन्याची संयुगे आणि कर्करोग : ‘सिस्प्लॅटिनच्या २७ पट’ हा आकडा कसा वाचायचा?

मिलीमोल

मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या सोन्याच्या संयुगाची बातमी २०२५ साली आली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींवर प्रयोगशाळेत ते सिस्प्लॅटिनच्या (प्लॅटिनम असलेले नेहमीचे केमो औषध) २७ पट प्रभावी ठरले. उंदरांत त्याने गाठीची वाढ ८२ टक्क्यांनी रोखली, तर सिस्प्लॅटिनने २९ टक्क्यांनी. बातम्यांमध्ये २७ हाच आकडा मोठ्या टायपात होता. मला त्यातला ८२ आणि २९ चा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तसे का, ते कळण्यापुरते रसायनशास्त्र आधी मांडतो, मग जाणकारांनी भर घालावी.

औषधात वापरले जाणारे सोने बहुतेक वेळा +१ अवस्थेत असते, सोने(I). त्याला दोन हात असतात आणि ते सरळ रेषेत असतात. एका हातावर घट्ट बसणारा लिगंड (धातूला धरणारा गट) ठेवायचा, म्हणजे फॉस्फिन किंवा एन-हेटरोसायक्लिक कार्बीन. दुसऱ्या हातावर सहज सुटणारा, म्हणजे क्लोराइड किंवा थायोलेट. शरीरात गेल्यावर दुसरा हात मोकळा होतो आणि सोने गंधक किंवा सेलेनियम शोधते. डीएनएमधल्या नायट्रोजनकडे ते फारसे वळतही नाही. इथेच ते सिस्प्लॅटिनपेक्षा मुळातून वेगळे पडते. सिस्प्लॅटिन डीएनएतल्या ग्वानिनच्या एन-७ या नायट्रोजनला जाऊन बसते, सोन्याचे मुख्य लक्ष्य थायोरेडॉक्सिन रिडक्टेज हे पेशीला ऑक्सिडेटिव्ह ताणापासून वाचवणारे एन्झाइम.

या एन्झाइमच्या शेपटाला सिस्टीन (गंधक असलेले अमिनो आम्ल) आणि त्याला लागून सेलेनोसिस्टीन (तेच, पण गंधकाच्या जागी सेलेनियम) असते. सिस्टीनच्या थायॉलचा (गंधकाच्या गटाचा) पीकेए (ज्या पीएचला निम्मे गट प्रोटॉन सोडतात तो) ८.३ च्या आसपास, तर सेलेनॉलचा साडेपाचच्या आसपास. म्हणजे पेशीच्या ७.२-७.४ पीएचला सेलेनॉल जवळजवळ पूर्ण आयनीभूत असतो आणि सोने तिथे आधी चिकटते. ऑरानोफिन हे संधिवाताचे जुने औषध (अमेरिकेत १९८५ साली मंजूर) या एन्झाइमला नॅनोमोलर पातळीवर बंद करते. एन्झाइम बंद पडले की थायोरेडॉक्सिन ऑक्सिडीकृत अवस्थेत अडकतो, पेरॉक्साइड साचतो, मायटोकॉन्ड्रिया ढासळतो आणि पेशी आत्मघाताच्या वाटेला लागते. कर्करोगाच्या पेशी मुळातच ऑक्सिडेटिव्ह ताणाच्या कडेवर जगत असतात, त्यामुळे त्यांना हा धक्का जास्त बसतो.

खरी अडचण मारकशक्तीची नाहीच. सोन्याला जे गंधक आपल्याला हवे आहे, ते गाठेपर्यंत वाटेत हजार ठिकाणी दुसरे गंधक भेटते. त्यामुळे या क्षेत्रातला कोणताही आकडा वाचताना पहिला प्रश्न हा विचारायचा : मोजमाप झाले तेव्हा सोन्याभोवती आणखी काय काय होते?

---

गारवा

लेख आवडला. एक बाळबोध प्रश्न. आपल्याकडे सुवर्णभस्म शतकानुशतके वापरतात. मग हे त्याचेच आधुनिक रूप म्हणायचे का?

---

स्फटिक

नाही. सुवर्णभस्माचे क्षकिरण विवर्तन काढले की धातुरूप सोन्याच्याच रेषा दिसतात, म्हणजे ते शून्य अवस्थेतले सोने, अतिसूक्ष्म कणांच्या रूपात. ऑरानोफिनमध्ये सोन्याचा एक-एक अणू दोन लिगंडांच्या मध्ये धरलेला असतो. धातूच्या कणाला सेलेनॉलवर जाऊन बसायला आधी ऑक्सिडीकृत व्हावे लागेल, आणि ते शरीरात सहजी होत नाही. सोन्याचे नॅनोकण हा आणखी तिसराच विषय आहे. तिथे सोने औषध वाहून नेते किंवा लेझरने तापते, स्वतः एन्झाइम बंद करत नाही. तिन्ही एकाच पिशवीत घातले की चर्चा भरकटते. नात्यातल्या कुणाची केमो चालू असेल तर भस्म ‘जोडीला’ सुरू करण्याआधी त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टला विचारा, एवढेच म्हणतो.

---

पिपेटपंत

२७ पटीबद्दल. त्या विशिष्ट शोधनिबंधावर हे भाष्य नाही, कुठल्याही ‘सिस्प्लॅटिनपेक्षा इतक्या पट’ या दाव्याला लागू पडते.

पहिली तपासणी : सिस्प्लॅटिन कशात विरघळवले होते? नवे संयुग पाण्यात विरघळत नाही म्हणून ते डीएमएसओ या गंधकयुक्त द्रावकात घेतात आणि ‘दोघांना सारखीच वागणूक’ या भाबड्या न्यायाने सिस्प्लॅटिनही डीएमएसओमध्येच घालतात. डीएमएसओचे गंधक प्लॅटिनमवरचे क्लोराइड ढकलून स्वतः तिथे बसते आणि सिस्प्लॅटिनची धार जाते. मग तुलना होते ती अर्धमेल्या सिस्प्लॅटिनशी. ते ०.९ टक्के सलाइनमध्ये घ्यावे, साधारण १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, फ्रीजमध्ये ठेवू नये (थंडीत स्फटिक खाली बसतात), उजेडापासून जपावे आणि ताजे वापरावे. सलाइनच का? तर क्लोराइडमुळे पाण्याशी होणारी अदलाबदल थोपते. नुसत्या पाण्यात केलेला स्टॉकही चालत नाही.

दुसरी : वेळ. सिस्प्लॅटिनला डीएनएवर बसून, दुरुस्ती हरून, पेशी मरायला दोन-तीन दिवस लागतात. सोने काही तासांत काम करते. २४ तासांनी वाचन घेतले तर सोने भलतेच सरस दिसेल. ७२ तासांनी तेच अंतर खूप आक्रसते. दोन्ही वाचने द्यावीत.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित : माध्यम. १० टक्के एफबीएस (गर्भस्थ वासराचे सीरम) असलेल्या माध्यमात, म्हणजे पेशी वाढवण्याच्या द्रवात, अल्ब्युमिन (रक्तातले मुख्य प्रथिन) साधारण ३०-४० मायक्रोमोलर असते. माणसाच्या प्लाझ्मात ते ६०० मायक्रोमोलरच्या घरात. ऑरानोफिन अल्ब्युमिनच्या सिस्टीन-३४ वर काही मिनिटांत जाऊन बसते, थायोग्लुकोज सुटतो, मागोमाग फॉस्फिनही सुटून ऑक्साइड होतो. म्हणजे ताटलीतल्या पेशींना जे मोकळे सोने भेटते, त्याच्या कितीतरी कमी रुग्णाच्या गाठीला भेटणार. यावर साधा उपाय असा की प्रत्येक संयुगाचा आयसी५० (पेशींची वाढ निम्मी करणारी तीव्रता) तीन प्रकारे काढा : १० टक्के सीरम, २ टक्के सीरम, आणि १० टक्के सीरममध्ये वरून ४० ग्रॅम प्रति लिटर मानवी अल्ब्युमिन. तिसऱ्या स्तंभात आकडा किती पटींनी वाढतो ते पाहिले की अर्धी संयुगे तिथेच बाद होतात.

जाता जाता : आरपीएमआय-१६४० या तयार माध्यमाच्या कृतीतच १ मिलिग्रॅम प्रति लिटर ग्लुटाथायोन (गंधक असलेला छोटा रेणू) असते, म्हणजे ३ मायक्रोमोलरच्या वर. डीएमईएम या दुसऱ्या माध्यमात नसते. बाटली जुनी होत जाते तसे ते ऑक्सिडीकृत होते. आयसी५० अर्ध्या मायक्रोमोलरचा असेल तर माध्यम बदलल्यावर किंवा नवी बाटली फोडल्यावर आकडा का हलला, याचे कोडे इथे सुटू शकते.

---

रानमेवा

पिपेटपंत, जबरदस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली. एन्झाइमची चाचणीही लिहाल का? आमच्याकडे कोरी चाचणीच (संयुग न घालता घेतलेली) दर वेळी वेगळी येते.

---

पिपेटपंत

डीटीएनबी पद्धत गृहीत धरतो, म्हणजे एन्झाइम डीटीएनबी तोडते आणि सुटणारा पिवळा टीएनबी मोजायचा. १०० मिलिमोलर फॉस्फेट बफर, पीएच ७.०, त्यात २ मिलिमोलर ईडीटीए. एनएडीपीएच (एन्झाइमला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) २०० मायक्रोमोलर. शेवटी डीटीएनबी, अंतिम तीव्रता ३ मिलिमोलर. टीएनबी ४१२ नॅनोमीटरला मोजायचा, शोषण गुणांक सुमारे १४,१५०. एका डीटीएनबीमधून दोन टीएनबी सुटतात, गणितात २ ने भागायला विसरतात म्हणून सांगतो.

यात क्रम चुकला तर सगळे मुसळ केरात. आधी एन्झाइम आणि एनएडीपीएच एकत्र ५ मिनिटे ठेवा, मगच सोन्याचे संयुग घाला. एनएडीपीएचशिवाय सेलेनियम आणि गंधक एकमेकांना बांधलेले असतात, सोन्याला बसायला जागाच नसते आणि उत्तम संयुगही निकामी दिसते. संयुग घातल्यावर किमान १५ मिनिटे थांबा, ते सावकाश आणि घट्ट बसते, लगेच डीटीएनबी घातले तर रोध कमी भरतो.

कोरी चाचणी हलण्याची नेहमीची कारणे : एन्झाइम विकत येते त्या बफरमधला डीटीटी (गंधकयुक्त क्षपणकारक, तो स्वतः डीटीएनबी पिवळे करतो आणि सोनेही गिळतो, म्हणून आधी छोट्या डीसॉल्टिंग स्तंभातून काढून टाका), स्थिरतेसाठी कुणीतरी घातलेले बीएसए (गाईचे अल्ब्युमिन), आणि जुने एनएडीपीएच. पेशींच्या अर्कात ही चाचणी घेऊ नका, तिथे इतर एन्झाइमेही डीटीएनबी तोडतात. अर्कासाठी इन्शुलिन-क्षपण पद्धत घ्या आणि निवडकतेसाठी ग्लुटाथायोन रिडक्टेज शेजारी चालवा. त्याची घडण भावंडासारखी आहे, पण सेलेनियम नाही. दोन्ही एन्झाइमे सारखीच बंद पडत असतील तर तुमचे संयुग सेलेनॉल निवडत नाहीये, सरसकट गंधक धरत सुटले आहे.

---

कोकणकडा

सोने(III) चे काय? ते तर प्लॅटिनम(II) सारखेच चौकोनी, इलेक्ट्रॉनही सारखेच. मग सिस्प्लॅटिनची नक्कल तिथेच सोपी नाही का?

---

मिलीमोल

कागदावर सोपी. सुरुवातीचे बरेच संशोधन याच आशेवर झाले. पण सोने(III) ऑक्सिडीकारक आहे आणि पेशीत ग्लुटाथायोन १ ते १० मिलिमोलर भरलेले. साधे संयुग आत शिरले की क्षपण होऊन सोने(I) होते, कधी थेट धातू. टिकवायचे तर भक्कम चौकट लागते. हाँगकाँग विद्यापीठात ची-मिंग चे यांच्या गटाने २००३ च्या सुमारास टेट्राफेनिलपॉर्फिरिनमध्ये सोने(III) बसवले. चारही बाजूंनी नायट्रोजन, त्यामुळे ग्लुटाथायोनलाही ते दाद देत नाही. इटलीत पादुआला डायथायोकार्बामेट आणि फ्लॉरेन्सला ऑक्सो-पुलाची संयुगे झाली.

तुमच्या संयुगाचे काय होते ते पाहायला वर्णपट पुरतो. ५० मायक्रोमोलर संयुग, १० पट ग्लुटाथायोन, पीएच ७.४, ३७ अंश, दर १० मिनिटांनी ३०० ते ६०० नॅनोमीटर. लिगंडापासून धातूकडे जाणारा पट्टा विरत गेला तर क्षपण चालू आहे. ५२०-५५० च्या आसपास उंचवटा उगवला आणि क्युव्हेट गुलाबी-जांभळे झाले की सोन्याचे कलिल तयार झाले, त्या संयुगाच्या नावाने पाणी सोडा.

---

स्फटिक

बनवण्याकडे कुणी वळले नाही म्हणून लिहितो. सुरुवात क्लोरोऑरिक आम्लाच्या ट्रायहायड्रेटपासून. १ ग्रॅममध्ये निम्मे सोने, २.५४ मिलिमोल. ते ओल ओढून घेते, म्हणून बाटली उघडी ठेवून वजन करत बसू नका. जमल्यास पूर्ण ग्रॅमची कुपीच वापरा. आणि स्टीलचा चमचा अजिबात नको. लोखंड सोन्याचे क्षपण करते, चमच्यावर काळपट थर येतो आणि नमुनाही बिघडतो. काच किंवा प्लास्टिक.

२ मिलिलिटर पाणी आणि १० मिलिलिटर इथेनॉलमध्ये ते विरघळवा, ०.५ मिलिलिटर टेट्राहायड्रोथायोफिन (२.२ सममूल्य) ढवळत थेंब थेंब. पहिला सममूल्य सोने(III) चे क्षपण करतो, दुसरा सोने(I) ला धरून बसतो, म्हणून दोनाहून कमी चालत नाही. आधी पिवळा गाळ येतो, मग तो पांढरा होत जातो. पांढरा झाल्यावर गाळा, थंड इथेनॉलने धुवा, अंधारात निर्वाताखाली सुकवा. पूर्ण उत्पन्न ८१४ मिलिग्रॅम, ९० टक्क्यांच्या वर सहज मिळते. उणे २० अंशांवर ठेवा आणि शक्यतो महिन्याभरात वापरा. करडी-जांभळी झाक आली की पुन्हा बनवा. वास भयंकर असतो. काचसामान फ्यूम हुडमध्येच ब्लीचच्या विरल द्रावात बुडवून ठेवले नाही तर शेजारची प्रयोगशाळा भांडायला येते.

पुढे कार्बीन बसवायला इमिडाझोलियम क्लोराइड १ सममूल्य, वरचे संयुग १ सममूल्य, ॲसिटोन, बारीक कुटलेले पोटॅशियम कार्बोनेट २-३ सममूल्य, ६० अंश, अंधारात. तास-दोन तास. नंतर सिलिकाच्या बोटभर थरातून गाळा, आटवा, पेंटेनने पाडा. ग्लोव्ह बॉक्स लागत नाही.

बिघडते कुठे?

इमिडाझोलियमचे मीठ ब्रोमाइड किंवा आयोडाइड असेल तर सोन्यावर क्लोराइड आणि तो हॅलाइड अशी भेसळ होते. प्रोटॉन एनएमआर स्वच्छ दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही, मूलद्रव्य विश्लेषण मात्र जमत नाही. आधीच मीठ क्लोराइडमध्ये बदलून घ्या.

नायट्रोजनवरचे गट लहान असतील (मिथिल, बेंझिल) तर द्रावणात दोन रेणू आपसांत लिगंड बदलतात आणि दोन कार्बीन असलेला धनायन तयार होतो. कार्बन एनएमआरमध्ये कार्बीनची रेषा पाहा : एक कार्बीन व क्लोराइड असताना ती १७० च्या आसपास, दोन कार्बीन असताना १८५ च्या आसपास. दोन रेषा दिसल्या तर तुमच्या आयसी५० ला काहीच अर्थ नाही, कारण हे दोन पदार्थ पेशीत सर्वस्वी वेगळे वागतात. आणि ही तपासणी क्लोरोफॉर्ममध्ये करून थांबू नका, डीएमएसओमधल्या स्टॉकचीही २४ तासांनी करा.

सिल्व्हर ऑक्साइडच्या मार्गाने गेलात तर चांदी उरते, आणि चांदी स्वतःच पेशी मारते. सेलाइटमधून दोनदा गाळा आणि चांदीचे प्रमाण मोजल्याशिवाय नमुना जीवशास्त्रवाल्यांकडे पाठवू नका.

ऑरानोफिन हवे असेल तर सरळ विकत घ्या. ट्रायइथिलफॉस्फिन हवेत पेट घेते, तो उपद्व्याप तुलनेच्या नमुन्यापायी करू नये. १० मिलिमोलर स्टॉकसाठी ६.७८ मिलिग्रॅम १ मिलिलिटर डीएमएसओमध्ये, लहान कुप्यांत वाटून उणे २० ला. फॉस्फरस एनएमआरमध्ये रेषा साधारण ३८ पीपीएमला येते. ५० च्या पलीकडे दुसरी डोकावली तर फॉस्फिन ऑक्साइड झाले आहे.

---

तराजू

पेशीत सोने किती गेले ते मोजणाऱ्यांसाठी दोन शब्द. आयसीपी-एमएसमध्ये (वस्तुमानावरून मूलद्रव्य मोजणारे यंत्र) सोन्याचा एकच समस्थानिक, १९७. टँटॅलम ऑक्साइडही १९७ लाच येतो, म्हणून टँटॅलम असलेली मानके त्याच दिवशी चालवू नका. पचन नुसत्या नायट्रिकमध्ये केले तर सोने नळीला, भांड्याला चिकटते आणि आकडा कमी भरतो. हायड्रोक्लोरिक हवेच, क्लोराइडमुळे ते द्रावणात राहते. तरीही मागच्या नमुन्याचे सोने पुढच्यात निघतेच. प्रत्येक नमुन्यानंतर हायड्रोक्लोरिकमध्ये थोडे थायोयुरिया किंवा सिस्टीन घालून धुवा आणि कोरे वाचन खाली आल्याशिवाय पुढे जाऊ नका. अंतर्गत मानक इरिडियम किंवा बिस्मथ.

आकडा प्रति दशलक्ष पेशी न देता प्रति मिलिग्रॅम प्रथिन द्यावा, कारण सोन्याने पेशी गळून पडतात आणि मोजणी चुकते.

---

गारवा

ऑरानोफिन चाळीस वर्षे बाजारात आहे, विषारीपणा माहीत आहे. मग कर्करोगावर देत का नाहीत? पेटंट संपलेल्या औषधात कंपन्यांना रस नसतो, हेच ना?

---

मात्रा

तेही एक कारण असेल, पण मुख्य कारण आकड्यांतच आहे. संधिवातात रोजची मात्रा ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९. पोटातून त्यातले जेमतेम पाव सोने शोषले जाते. तीन महिन्यांनी रक्तातले सोने सरासरी ०.६८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. १९७ ने भागा : साधारण ३.५ मायक्रोमोलर. पेशींवरचा आयसी५० अनेकदा ०.५ ते २ मायक्रोमोलर. वरवर पाहता पुरून उरावे! पण हे ३.५ जवळजवळ सगळे प्रथिनांना बांधलेले असते आणि त्यावर मूळ लिगंडही राहिलेले नसतात. त्यामुळे रक्तातले ‘एकूण सोने’ मोजून गाठीपर्यंत काय पोचले ते कळत नाही. गाठीच्या तुकड्यात एन्झाइमची क्रियाशीलता मोजावी लागते.

उंदरांत बऱ्याचदा १० मिलिग्रॅम प्रति किलो पोटात टोचतात. शरीराच्या पृष्ठफळावरून माणसासाठी १२.३ ने भागायचे : ०.८१ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४९ मिलिग्रॅम. संधिवाताच्या मात्रेच्या आठपट, आणि तीही तोंडाने नव्हे. १९८५ मध्ये उंदरांतल्या अनेक गाठींवर ऑरानोफिन तपासले गेले, तेव्हा ते पी-३८८ ल्युकेमियावर चालले, आणि तेही पेशी पोटाच्या पोकळीत आणि औषधही त्याच पोकळीत टोचल्यावर. इतर गाठींवर नाही. म्हणून ८२ टक्क्यांच्या आकड्याला मी २७ पेक्षा मान देतो. पण विचारतो : गाठ कुठे होती, औषध कुठून दिले, उंदरांचे वजन किती घटले? वजन १५-२० टक्क्यांनी उतरले असेल तर उपासमारीनेही गाठ आक्रसते.

माणसांत चाचण्या झाल्या आहेत, रक्ताचा कर्करोग सीएलएल, अंडाशय, फुप्फुस. ग्लायोब्लास्टोमात (मेंदूच्या कर्करोगात) तर नऊ जुन्या औषधांच्या सीयूएसपी-९ या मिश्रणात ऑरानोफिन एक होते. अजून कुठल्याही कर्करोगासाठी ते मान्य झालेले नाही.

---

रानमेवा

किडनीचे? सिस्प्लॅटिनचा तिथलाच त्रास असतो. सोने त्या बाबतीत सुरक्षित, असे वाचले.

---

मात्रा

‘वेगळे’ म्हणा, सुरक्षित म्हणू नका. सिस्प्लॅटिन मूत्रनलिकांच्या पेशी मारते, म्हणून गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रेडिएशनबरोबर आठवड्याला ४० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर देताना सलाइन भरपूर चढवतात. सोने ग्लोमेरुलसच्या (किडनीतल्या गाळणीच्या) पडद्याला त्रास देते, लघवीतून प्रथिने जातात. ऑरानोफिनमध्ये हे सुमारे ५ टक्के रुग्णांत दिसले. निम्म्या रुग्णांना पातळ शौच, चौघांत एकाला पुरळ, तोंड येणेही बरेच. प्लेटलेट दीड लाखाखाली किंवा पांढऱ्या पेशी ४००० खाली गेल्या तर औषध थांबवायचे.

आणि ते थांबवले तरी सोने लगेच जात नाही. प्लाझ्मातले अर्धायुष्य सुमारे २६ दिवस, संपूर्ण शरीरातले ८० दिवस. केमोत तीन आठवड्यांचे आवर्तन धरून वेळापत्रक आखणाऱ्यांना हे फार गैरसोयीचे आहे.

ऐंशीच्या दशकात दोन फॉस्फिनांच्या जोड्या असलेले सोने(I) धनायन उंदरांत छान चालले होते. ते मायटोकॉन्ड्रियात साचत, पण निरोगी हृदय आणि यकृताच्या मायटोकॉन्ड्रियातही, आणि प्राण्यांतल्या विषारीपणावर ते अडकले. पुढे ऑस्ट्रेलियात फिनाइलच्या जागी पिरिडिल घालून तेलकटपणा कमी केला, तेव्हा निवडकता सुधारली. म्हणून नव्या धनायनाचा लॉग-डी (तेलकटपणाचे माप) मोजल्याशिवाय उंदरांकडे जाऊ नये.

---

कोकणकडा

सोन्याचे भाव पाहता हे औषध परवडेल का, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. :)

---

तराजू

ऑरानोफिनमध्ये वजनाने २९ टक्के सोने. ६ मिलिग्रॅममध्ये १.७४ मिलिग्रॅम. ग्रॅमला १२ हजार रुपये धरा, दिवसाला २१ रुपयांचे सोने. महाग पडतात त्या चाचण्या.

---

रानमेवा

शेवटचे एक. पिपेटपंत, सिस्प्लॅटिनला दाद न देणाऱ्या ए२७८०सिस या अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींवर आमचे संयुग मूळ ए२७८० इतकेच चालते. प्रतिकार मोडला असे लिहावे का?

---

पिपेटपंत

‘सिस्प्लॅटिनच्या प्रतिकाराचा यावर परिणाम दिसत नाही’ एवढेच लिहा. आणि आधी दोन गोष्टी तपासा. त्या पेशी प्रतिकारक राहाव्यात म्हणून माध्यमात १ मायक्रोमोलर सिस्प्लॅटिन ठेवतात. चाचणीआधी ते काढले होते का? आणि त्याच ताटलीत सिस्प्लॅटिनचा आयसी५० खरोखर काही पटींनी वाढलेला दिसतो का? दिसत नसेल तर पेशींचा प्रतिकार केव्हाच गळाला आहे.

सोन्याचा स्वतःचा प्रतिकार वेगळ्या वाटेने येतो. केईएपी१ हे लगाम धरणारे प्रथिन बिघडले की एनआरएफ२ हा संरक्षक जनुके चालू करणारा घटक मोकाट सुटतो, आणि मग थायोरेडॉक्सिन रिडक्टेज आणि ग्लुटाथायोन दोन्ही वाढतात. फुप्फुसाच्या ए५४९ पेशींत हे जन्मजातच आहे, त्या यादीत घ्या. तिथे आयसी५० वर गेला तर ब्युथिओनिन सल्फॉक्सिमिन ५० ते १०० मायक्रोमोलर, २४ तास आधी देऊन ग्लुटाथायोन उतरवा आणि पुन्हा मोजा. आकडा झपकन खाली आला तर संयुग पोचते आहे आणि पेशी दुसऱ्या यंत्रणेवर तग धरून होती. हलला नाही तर संयुग आत शिरतच नाही असे समजा, आणि नमुने तराजूंच्या यंत्राकडे पाठवा.